वॉर्ड तीन, बोला

तिने त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा कुणीतरी मेलं होतं. दुसऱ्यांदा ऐकला तेव्हाही. तिसऱ्यांदा... जाऊ दे. सांगायचं एवढंच, की या दोघांच्या प्रेमातले सुरुवातीचे सगळे फोन असे होते, की प्रत्येकामागे कुणाच्या तरी घरात रडारड चालली होती.

त्याचं असं झालं. तिच्या बाबांची शववाहिका होती. एकच गाडी, पांढरी, आणि मालकही बाबा, ड्रायव्हरही बाबाच. घराची पुढची खोली म्हणजे ऑफिस. एक टेबल, दोन खुर्च्या, टेबलावर फोन. त्या फोनवर इतकी वर्षं आत्या बसायची. पण आत्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं आणि कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या भाचीला टेबलामागे बसवण्यात आलं. बाबा लगेच तिला 'मॅनेजर' म्हणायला लागले. पगार शून्य, रुबाब मात्र भरपूर.

पहिल्याच दुपारी फोन वाजला. फोनच्या छोट्या खिडकीत 'वॉर्ड तीन' अशी अक्षरं उमटली. तिने आत्याने शिकवल्याप्रमाणे म्हटलं, "वॉर्ड तीन, बोला."

"प्लीज सेंड द व्हेइकल... इन टाइम."

आवाज तरुण होता, दमलेला होता, आणि भरलेला पेला दोन्ही हातांनी धरून जिना चढावा तसं त्याने ते वाक्य शेवटापर्यंत नेलं होतं. न सांडता. पण मॅनेजरबाईंचं इंग्रजी म्हणजे त्यांचा जीव की प्राण, आणि जिभेला हाड नाही ते जन्मापासूनच.

"इन टाइम? आमची गाडी इन टाइम कशी येईल हो? इन टाइम यायचं ते डॉक्टरांनी. उशीर व्हायच्या आत, अजून काही वाचवता येईल तेव्हा. आम्ही आपले ऑन टाइम. ठरल्या वेळेला."

पलीकडे एकदम शांतता.

तिने जीभ चावली. तिथे माणूस गेलंय आणि आपण इथे शिकवणी घेत बसलोय! एवढ्यात पलीकडून विचित्र आवाज आला. रिसीव्हरवर हात दाबून कुणीतरी खोकतंय असा. मग तोच आवाज, या वेळी साध्या मराठीत आणि अगदी हळू, "मॅडम, समोर नातेवाईक उभे आहेत. मला हसवू नका." आणि थोडं थांबून, त्याहून हळू, "पण बरोबर आहे तुमचं. डॉक्टर नाहीच आले... इन टाइम."

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. त्या गेलेल्या माणसामुळे, की त्या आवाजामुळे, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

आता बाबांच्या कामाची एक पद्धत इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. बाबांची गाडी कधीही हॉस्पिटलच्या दारात उभी राहत नसे. वॉर्डातून पहिला फोन आला, की बाबा किल्ली फिरवायचे. कोण, काय, कुठे ते वाटेत कळायचं. तिथे पोचले की हॉस्पिटलच्या धोबीखान्यामागे एक गल्ली होती, त्या गल्लीत इंजिन बंद करून थांबायचे. वर घरच्यांचं रडून, बघून, निरोप घेऊन झालं, की वॉर्डातून ऑफिसला दुसरा फोन यायचा, 'या' एवढाच. मॅनेजर तो बाबांना कळवायची. मग गाडी पुढे.

"शववाहिकेला उशीर झाला तर लोक शिव्या देतात," बाबा म्हणायचे. "लवकर आली तर शिव्यासुद्धा देत नाहीत. नुसतं बघतात. ते नको."

हे कुठून आलं ते तिला ठाऊक होतं. ती लहान असताना आई एका हॉस्पिटलात खिडकीजवळच्या खाटेवर होती. खाली दुसऱ्याच कुणासाठी आलेली गाडी अख्खी सकाळ उभी. आई येईल त्याला विचारायची, ती गाडी कुणाची. दुपारनंतर तिने विचारणं सोडलं. बाबा तेव्हा भाजीचा टेंपो चालवायचे. आई गेल्यावर त्यांनी टेंपो विकला आणि ही गाडी घेतली. म्हणाले, हे काम कुणीतरी नीट करायला पाहिजे.

तर, पहिला फोन आणि दुसरा फोन. मधला वेळ कधी थोडा, कधी बराच. आणि त्या मधल्या वेळात मॅनेजर आणि तो आवाज... बोलायला लागले. आधी कामाचं. सगळे आले का, लिफ्ट चालू आहे का. मग हळूच, कामाचं नसलेलंही.

तो वॉर्ड तीनचा नर्स होता. पुरुष नर्सला हॉस्पिटलात सगळे 'ब्रदर' म्हणतात आणि इथेच मोठी पंचाईत झाली.

"तुम्हाला काय म्हणू?" तिने विचारलं होतं.

"सगळे ब्रदर म्हणतात."

"..."

"तुम्ही नाही म्हटलं तरी चालेल," तो घाईघाईने म्हणाला. "म्हणजे नकाच म्हणू. प्लीज."

मग ती त्याला 'तीन नंबर' म्हणायला लागली. तो तिला 'मॅनेजर'.

तीन नंबरला परदेशी जायचं होतं. तिकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची नोकरी. धाकट्या दोन बहिणींचं शिक्षण आणि घरावरचं गळकं छप्पर, दोन्ही त्याच नोकरीवर अवलंबून होतं. मुलाखत इंग्रजीतून, आणि तो एकदा नापास झालेला. औषधांत नाही हं, वेळेत! ऑपरेशनआधी पेशंटला कधीपर्यंत उपाशी ठेवाल, असं विचारलं होतं. त्याला म्हणायचं होतं 'अंटिल एट', आठपर्यंत. तो म्हणाला 'बाय एट', म्हणजे आठच्या आत. "समोरच्या बाई इतक्या प्रेमाने थँक्यू म्हणाल्या ना," त्याने सांगितलं, "की मला कळलं, पेशंट राहिला बाजूला, मीच मेलो."

दुसरी मुलाखत तोंडावर आली होती. वॉर्डच्या अगदी टोकाला, खिडकीजवळच्या खाटेवर एक निवृत्त इंग्रजीचे सर होते. त्यांची छाती पाण्याने भरायची, पाणी काढलं की पुन्हा भरायची. घरी जाण्याची आशा कुणालाच नव्हती, सरांना तर मुळीच नव्हती. पण शिकवायची खोड जात नाही. इंजेक्शन घेताघेता ते तीन नंबरला वाक्यं घालायचे, आणि प्रत्येक वाक्यात हॉस्पिटलच. नळी आठच्या आत बदल — बाय एट. नळी आठपर्यंत राहू दे — अंटिल एट. "यात गोंधळ केलास," सर म्हणायचे, "तर तुझं व्याकरण नाही चुकत, माझा प्राण जातो. लक्षात ठेव."

एकदा त्यांनी 'ॲट द एंड' आणि 'इन द एंड' घेतलं. तीन नंबरने ते मॅनेजरला फोनवर जसंच्या तसं ऐकवलं. सर म्हणाले होते, "ॲट द एंड म्हणजे कशाच्या तरी टोकाला. मी वॉर्डच्या टोकाला आहे. आणि इन द एंड म्हणजे सगळं करून सवरून शेवटी. तर इन द एंड माझं काय होणार, ते या वॉर्डात झाडूवाल्यालाही माहीत आहे. सांग, फरक कळला का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मॅनेजरने विचारलं.

"कळला म्हटलं. आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आलो."

असं चाललं होतं. दुपारच्या सुट्टीत तो आता त्याच्या मोबाइलवरून तिच्या मोबाइलवर फोन करायचा. ऑफिसचा फोन कामाचाच ठेवायचा, हे दोघांनी न बोलता पाळलं होतं. ती त्याचा अभ्यास तपासायची. चिडवायचीही. एकदा तो 'आय विल बी देअर इन फाइव्ह मिनिट्स' म्हणाला आणि नेमका 'इन' की 'आफ्टर' असा अडकला, तर ही म्हणते, "तुम्ही आधी या तर खरं. शब्द मागून ठरवू."

"येऊ?" तो म्हणाला.

तिने फोन ठेवून दिला. आणि मग किती तरी वेळ त्या ठेवलेल्या फोनकडे बघत बसली...

पण एक गोष्ट तिला आतून कुरतडत होती. ऑफिसचा फोन वाजला, खिडकीत 'वॉर्ड तीन' उमटलं, की तिच्या छातीत काहीतरी उडी मारायचं. आनंदाने! कुणाचा तरी बाप, कुणाची तरी बायको गेली की हिच्या छातीत उडी. आत्याचं ऑपरेशन झालं होतं आणि आता तिला जरा जास्तच दिसत होतं.

"फोन वाजला की तुझ्या गालांना काय होतं गं?" आत्या एके दिवशी म्हणाली. "माणसं मेल्यावर लाजायची पद्धत नवीन आहे का?"

रात्री अंथरुणावर तिने ठरवलं की आता फोन आला तर वाईटच वाटून घ्यायचं. सकाळी फोन आला. ठरवलेलं सगळं पाण्यात.

दोघांची पहिली भेट झाली ती धोबीखान्यामागच्या गल्लीत. बाबा स्ट्रेचरचा पट्टा घरी विसरले आणि ती सायकलवरून तो द्यायला गेली. धोबीखान्याच्या खिडकीतून वाफ येत होती, गरम कपड्यांचा वास, आणि भिंतीवरून पाण्याचे ओघळ. तेवढ्यात मागच्या दारातून पांढऱ्या कपड्यांतला एक उंच मुलगा बाहेर आला. त्या दिवशी दुसरा फोन न करता स्वतःच 'या' म्हणायला आला होता. पण बाबांकडे जाण्याआधी त्याने हिला पाहिलं. हिने त्याला. कुणी कुणाला ओळख दिली नाही, तरी दोघांनाही कळलं.

त्याच्या छातीवर एक छोटं घड्याळ टाचलेलं होतं, उलटं लटकणारं. तिला काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"तुमचं घड्याळ चुकलंय," ती म्हणाली. "आत्ता साडेनऊ?"

"ते उलटं आहे. म्हणजे तुम्हाला उलटं," त्याने घड्याळ वर उचलून दाखवलं. "घालणाऱ्याला सुलटं दिसतं. पेशंटची नाडी धरताना दोन्ही हात अडकलेले असतात ना, म्हणून."

"म्हणजे समोरच्याला वेळ कळूच नये अशी सोय."

"समोरचा पुष्कळदा विचारतो," तो म्हणाला, "किती वेळ आहे म्हणून. नाही कळलेलं बरं असतं."

वाफ मध्ये आली. वाफ गेली तेव्हा तो अजून बघत होता. बाबांनी गाडीतून एकदा हॉर्न... नाही, हॉर्न बाबा कधीच वाजवत नसत. ते नुसते खाकरले.

मुलाखत झाली. चांगली झाली म्हणाला. निकाल यायचा होता, आणि मॅनेजरच्या मनात मोठी गंमत चालली होती. गंमत कसली, सोसणं. जिने त्याची वाक्यं घोटून घेतली तीच आता देवाला म्हणत होती, नको होऊ दे पास. एकेक शब्द बरोबर करून तिने त्याला एकेक पाऊल लांब ढकललं होतं. चुकीचं शिकवायला काय झालं होतं, असंही एकदा मनात येऊन गेलं. मग तिला तो बाथरूममध्ये तोंड धुणारा मुलगा आठवला आणि स्वतःचीच लाज वाटली.

निकाल आला तो दुपारी. तिचा मोबाइल आत स्वयंपाकघरात चार्जिंगला. त्याने पुन्हा पुन्हा लावला. कुणी उचलेना. मग आनंदात माणूस जे करतं ते त्याने केलं. समोर दिसला तो फोन उचलला. वॉर्डातला.

टेबलावरचा फोन वाजला. खिडकीत अक्षरं उमटली. तिच्या छातीत नेहमीची उडी.

"वॉर्ड तीन, बोला."

बाहेर बाबा गाडीची काच पुसत होते. एवढे तीन शब्द त्यांच्या कानावर पडले आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने हात किल्लीकडे गेला. गाडी गेली.

तिला ऐकूच आलं नाही. कसं येणार? तो सांगत होता, पास झालो, सर्वांत जास्त मार्क वेळेच्या प्रश्नांना, त्या बाईंनी विचारलं कुठे शिकलास तर मी म्हटलं... "काय म्हटलं?" तिने विचारलं. "म्हटलं, फोनवर." तो हसला. तीही हसली, आणि हसताहसता गाल ओले झाले, आणि तिने फोन ठेवला नाही. ठेवला की त्याचं जाणं सुरू होणार होतं.

तिकडे धोबीखान्यामागची गल्ली गटाराच्या कामासाठी खणून ठेवलेली. बाबांना गाडी मुख्य दाराशी लावावी लागली, बरोबर वॉर्ड तीनच्या खिडकीखाली. दुसरा फोन येईना म्हणून ते जरा विचारायला खाली उतरले. सरांची लेक जेवणाचा डबा घेऊन दारातून आत शिरत होती. तिने गाडी पाहिली. बाबांना पाहिलं.

"कुणासाठी?" तिने विचारलं.

बाबा नातेवाइकांशी कधी खोटं बोलत नाहीत. "वॉर्ड तीन," ते म्हणाले.

डबा तिथेच पडला. ती जिन्याने धावत सुटली. वरच्या वळणावर पाय निसटला आणि मनगट खालच्या पायरीवर आपटलं. मोडल्याचा आवाज बाबांना खालपर्यंत आला. तशीच उठून ती वॉर्डात पोचली तर सर उशीला टेकून बसलेले, खिडकीतून खाली बघत. म्हणाले, "आज जेवायला उशीर केलास. आणि ती मंडळी जरा लवकर आलीयेत."

सर हसले म्हणे. पण लेकीने जो हंबरडा फोडला तो धोबीखान्यापर्यंत गेला. त्यानंतर सरांनी खिडकीचा पडदा लावून घ्यायला सांगितला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

बाबा घरी आले आणि ऑफिसच्या पायरीवरच बसले. मग त्यांनी विचारलं, "मॅनेजर, कोण गेलं होतं?"

"कुणी नाही, बाबा."

"मग वॉर्ड तीन, बोला, का म्हणालीस?"

तिच्यापाशी उत्तर होतं, पण त्या माणसासमोर ते उच्चारायची तिची छाती झाली नाही. बाबा रागावले नाहीत. आत गेले आणि न जेवता झोपले. ज्या खिडकीखाली गाडी उभी राहू नये म्हणून या माणसाने आयुष्य काढलं, त्याच खिडकीखाली तिने त्यांना नेऊन उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी कळलं की मेट्रनबाईंनी चौकशी लावली आहे. मेट्रन म्हणजे सगळ्या नर्सेसच्या वरच्या बाई, त्यांना डॉक्टरही घाबरून असत. तीन नंबर एवढंच म्हणाला होता, चूक माझी. फोन कुणाला केला, कशासाठी, एक अक्षर नाही. बाईंनी सांगितलं, खरं कळेपर्यंत अनुभवाच्या दाखल्यावर सही नाही. आणि तो दाखला नसेल तर तिकडची नोकरी नाही.

आत्याने ही बातमी आणली आणि भाजी निवडता निवडता, वर न बघता म्हणाली, "गप्प राहिलीस तर राहील इथेच."

वाक्य असं सरळ समोर मांडल्यावर फार मोहाचं दिसत होतं. तो राहील. दुपारी फोन करील. गल्लीत भेटेल. बहिणींचं काय, छपराचं काय, ते होईल काहीतरी... आणि ती रोज त्याच्याशी बोलेल, आणि रोज तिला ठाऊक असेल.

"आत्या, तू असं म्हणावंस?"

"मी कुठे काय म्हटलं? मी बघत होते तू काय म्हणतेस ते." आत्याने देठ तोडला. "जा. ओढणी बदलून जा. या ओढणीला शाई लागलीये."

मेट्रनच्या खोलीत फिनेलचा वास होता. टेबलामागे बाई. कोपऱ्यात तीन नंबर, मान खाली. खुर्चीत सरांची लेक, हात प्लास्टरमध्ये. आणि चाकांच्या खुर्चीत, नाकाला नळी लावून, स्वतः सर. आपल्यावरून भांडण आहे तर आपण हजर पाहिजे, असं म्हणून त्यांनी वॉर्डातल्या सगळ्यांना हैराण केलं होतं.

"फोन मला आला होता," ती दारातूनच म्हणाली. धीर संपायच्या आत.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "शववाहिकेचं ऑफिस? बस. आता मला हे सांग, वॉर्डात कुणी गेलेलं नसताना शववाहिकेच्या ऑफिसशी एवढा वेळ काय बोलणं असतं?"

तीन नंबरने मान वर केली आणि डोळ्यांनी सांगितलं, नको. तिने तिकडे बघायचं टाळलं.

"तो पास झाला, ते सांगायला त्याने फोन केला. एका मिनिटात ठेवला असता. लांबवला मी. ठेवला असता तर तो गेला असता. म्हणजे आज ना उद्या... मला तो जायला नको होता. म्हणून मी फोन धरून ठेवला, आणि बाबांची गाडी निघाली ते मला ऐकू आलं नाही. त्याची चूक एवढीच की त्याने चुकीचा फोन उचलला. बाकी सगळी माझी." आणि मग, आता राहिलंच काय म्हणून, "मला तो आवडतो. त्याला मी अजून सांगितलेलं नाही."

तीन नंबरच्या छातीवरचं घड्याळ तेवढं हलत होतं.

सरांनी नळी जरा सरकवली. "ब्रदर," ते म्हणाले, "ही जे बोलली ते ऑन टाइम की इन टाइम?"

बाई म्हणाल्या, सर, तुम्ही दमू नका. पण चष्मा काढून पुसायला घेतला त्यांनी.

सरांची लेक मात्र हसली नाही. तिने मॅनेजरकडे बघून शांतपणे सांगितलं, "जिना चढताना मी माझ्या बाबांना गेलेलं बघितलं. ते आहेत, पण मी एकदा बघून बसले. ते आता मला पुसता येत नाही." मॅनेजरने मान हलवली. याला माफी मागणं पुरत नाही, हे तिला कळत होतं. तिने ती तरीही मागितली. लेकीने ती घेतलीही नाही आणि टाकलीही नाही.

बाईंनी दाखल्यावर सही केली. पण जाईपर्यंत तीन नंबरची ड्यूटी धोबीखान्यात, चादरी मोजायला आणि वॉर्डात पोचवायला. वॉर्डातल्या फोनला हात लावायचा नाही.

त्यानंतर तीन नंबरने मोबाइलवरूनही फोन केला नाही. काय बोलावं ते सुचत नसेल. तिलाही कुठे सुचत होतं?

आणि एका सकाळी टेबलावरचा फोन वाजला. खिडकीत 'वॉर्ड तीन'. छातीत उडी आलीच नाही. तिथे काहीतरी जड, गार बसलं. तिने बाहेर पाहिलं. बाबा गाडीशी उभे होते. तिने हाताने त्यांना थांबवलं आणि मग फोन उचलला. मेट्रनबाई होत्या. सर गेले होते, झोपेत.

"बाबा," ती म्हणाली, "मी येते आज."

गटाराचं काम झालं होतं. गल्ली पुन्हा मोकळी होती. बाबांनी गाडी धोबीखान्यामागे लावली आणि इंजिन बंद केलं. वाफ येत होती, पाणी ठिबकत होतं. मागच्या दारातून तीन नंबर बाहेर आला. डोळे सुजलेले, बाह्या वर सरकवलेल्या, हात धुऊन धुऊन पांढरे पडलेले.

"ताईंनी सांगितलंय घाई नाही," तो बाबांना म्हणाला. ताई म्हणजे सरांची लेक. "सगळे आले की खिडकीतून हात करतील. या दारातून ती खिडकी दिसते, गाडीपासून नाही. मग मी तुम्हाला सांगेन."

बाबांनी मान हलवली. सरांच्या लेकीने स्वतः हे काम याच गाडीला द्यायला सांगितलं, हे त्यांना कळलं होतं. मग ते उगाचच गाडीला एक फेरी मारायला म्हणून पलीकडच्या बाजूला गेले आणि तिकडेच राहिले.

"परवा जातोय," तीन नंबर म्हणाला.

"माहीत आहे."

"काल सरांकडून एक वाक्य दुरुस्त करून घेतलं. तुला म्हणायचं होतं. विल यू वेट अंटिल..."

"मराठीत," ती म्हणाली.

"थांबशील?"

वाफेचा एक ढग दोघांच्या मधून गेला.

"नाही," ती म्हणाली. त्याचा चेहरा उतरलेला तिने पाहिला, तरी घाई केली नाही. "थांबणं म्हणजे दारात जाऊन उभं राहणं. ते आमच्याकडे चालत नाही. आमची गाडी कोपऱ्याआड असते, इंजिन बंद करून. कुणाच्या खिडकीतून दिसत नाही, कुणाला घाई करत नाही. बोलावलं की येते. मी तशी आहे. कॉलेज संपवीन, फोन घेईन, बाबांकडे बघेन. तू बोलव. पण नुसतं वाटलं म्हणून नाही. नक्की असेल तेव्हाच."

"आणि नाहीच बोलावलं तर?"

"तर गाडी परत जाते." ती हसायचा प्रयत्न करत होती. "बाबा त्याचं भाडं लावत नाहीत."

त्याने छातीवरचं घड्याळ काढलं, ओल्या बोटांनी तिच्या ओढणीला टाचलं आणि मान वाकडी करून बघितलं.

"किती वाजले?" तिने विचारलं.

"मला उलटं दिसतंय आता," तो म्हणाला. "तूच बघ."

तिने पाहिलं. तिला सुलटं दिसत होतं. पण काटे कुठे आहेत ते डोळ्यांत पाणी असल्यामुळे कळेना.

वर, वॉर्डच्या टोकाच्या खिडकीचा पडदा बाजूला झाला. प्लास्टरमधला हात काचेपाशी आला आणि सावकाश एकदा हलला.

तीन नंबर वळला. बाबांकडे बघून, मग तिच्याकडे बघून त्याने म्हटलं, "या."

बाबांनी किल्ली फिरवली. हा शब्द तिने त्याच्या तोंडून कितीदा ऐकला होता आणि पुढच्या क्षणी बाबांना कळवून विसरून गेली होती. आज तिने तो नीट ऐकून ठेवला. पुढे कधी आला, तर ओळखता यावा म्हणून.